इर्जिकीचा गहू

लिपोव्का, २३ सप्टेंबर १९७९

ओनुफ्री भाऊजी,

काल सगळं गाव माझ्या शेतात होतं. तुम्ही सोडून.

तुम्हाला दिसलंच असेल. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं शेत दिसतं, आणि तुम्ही एकटा जीव, बघायला दुसरं आहे काय? नऊ हार्वेस्टर एकामागे एक चालले होते. ओरेस्ट दानिल्कोने इर्जिक घातली होती. चर्चच्या समितीचा अध्यक्ष तो, त्याने शब्द टाकल्यावर नाही कोण म्हणणार? लोक स्वतःचा गहू शेतात तसाच ठेवून माझा काढायला आले.

तुमच्या धाकट्या भावाला, इलकोला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळा गहू कापून ओळींनी जमिनीवर पडला होता, वाळायला. त्यानंतर जो पाऊस लागला तो तुम्हीही पाहिलात. तुमच्या शेतावर काही वेगळं आभाळ नाही. गव्हाला पडल्या जागी मोड यायची वेळ आली. इलको शहरात इस्पितळात, आणि मी इथे दारात उभी राहून आभाळाला शिव्या देतेय. गुरुवारी उघडलं. शुक्रवारी ओरेस्ट आला आणि म्हणाला, "तेक्ला, रेडिओ सांगतोय रविवारपासून पाऊस आणि मागोमाग बर्फ. उद्याच काढून टाकू. तू फक्त जेवणाचं बघ."

जेवणाचं मी बघितलं. बटाटा भरलेल्या वारेनिकी, कोबीच्या पानातला भात, बीटचं सार, तीन प्रकारचे केक. पंगतीत ओरेस्ट मोठ्याने म्हणाला, "सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर, आणि मळणीला आम्ही परके!" त्याची बायको पोल्या म्हणाली, "अहो, त्याच्या ट्रॅक्टरला आज ताप आला असेल." सगळे हसले. मीही हसले.

इलकोने चर खणून आमच्या पाणथळीतलं पाणी काढलं आणि ते तुमच्या वावरात गेलं, हे मला माहीत आहे. अकरा वर्षं त्याच चरावरून तुम्ही दोघे एकमेकांचं तोंड बघत नाही. पण माणूस आडवा पडल्यावर तरी तो चर विसरायचा होता.

तुमच्या दारात पाय ठेवायचा नाही अशी इलकोने मला शपथ घातलीय, म्हणून पत्र. हे आधी वीस मैलांवर शहरात जाईल, तिथे शिक्का खाईल आणि परत येऊन माझ्याच पेटीशेजारच्या तुमच्या पेटीत पडेल.

एक राहिलं. दुपारी मी एक दाणा उचलून चावून पाहिला. दाताखाली कट्ट वाजायला हवा होता, चिवट लागला. मी थुंकून टाकला आणि बटाटे सोलायला गेले. एवढी माणसं माझ्यासाठी घाम गाळत असताना मी काय म्हणणार होते?

तेक्ला


६ ऑक्टोबर

भाऊजी,

पाऊस आला नाही.

त्या रविवारी नाही, सोमवारी नाही, अजूनही नाही. पश्चिमेचा कोरडा वारा सुटलाय आणि ऊन असं पडलंय की लोक बाह्या वर करून काम करतायत. माझा गहू काढून झाल्यावर सगळ्यांनी सावकाश आपापला काढला, आणि त्यांचा दाणा खडखडीत वाळलेला. तुमचाही, असं ऐकलं. रेडिओवाल्याचं काय जातंय? त्याने एक वाक्य टाकलं आणि तो घरी जेवायला गेला. इथे त्याच्या वाक्यावर माझं वर्ष भरून ठेवलंय, नव्या पत्र्याच्या कोठीत, ओलं.

काल दुकानात पोल्या भेटली. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "तुला ठाऊक नाही? तुझा दीर इर्जिकीच्या आदल्या दिवशी हॉटेलात आला होता, आमच्या माणसांना अक्कल शिकवायला." मग तिने नक्कल करून दाखवली. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "सोमवारपर्यंत थांबा. वारा फिरलाय, पाऊस येत नाही. आत्ता भरलात तर कोठीत तापेल." त्यावर ओरेस्ट म्हणाला, "भाऊ पडला तेव्हा कुठे होतास रे? आता आलाय पंचांग सांगायला!" आणि कोणीतरी मागून म्हणालं, "ह्याला इलकोचा गहू बर्फाखाली बघायचाय." तुम्ही कॉफी तशीच ठेवून निघालात म्हणे.

पोल्याला वाटलं मी हसेन. मी हसलेही. घरी येऊन मात्र माझा संताप संताप झाला, आणि तो त्यांच्यावर नाही, तुमच्यावर. हॉटेलात जाऊन चार टवाळांना सांगितलंत. मला का नाही सांगितलंत? रस्ता ओलांडून यायचं होतं. शपथ मला आहे, तुम्हाला नाही.

इलकोला भेटून आले. उजवी बाजू मेलेलीच. बोलतो ते नुसतं घोगरं, पण गव्हाचं विचारतोय हे मला कळतं. मी सांगितलं, सगळा आत आलाय, कोरडा ठणठणीत, पुढच्या पेरणीचं बीही त्यातलंच. तो रडला. झटका आलेली माणसं लवकर रडतात, असं नर्स म्हणाली.

ती आणखी एक म्हणाली. घरी शेत चालू असेल, माणसं येती-जाती असतील, तर वसंतात त्याला घरी नेता येईल. नाहीतर शहरातला म्हाताऱ्यांचा आश्रम. मी तो बघून आले. तिथल्या खिडकीतून मोटारी उभ्या करायची जागा दिसते, बाकी काही नाही. इलको तिथे एक हिवाळा काढायचा नाही. आम्हाला मूल नाही, तुम्हाला बायको नाही. शेत कोणासाठी ठेवायचं, असं लोक विचारतात. मला ते इलकोने खिडकीतून बघावं म्हणून ठेवायचंय. दुसरं काही नको.

तेक्ला


२० नोव्हेंबर

भाऊजी,

आमच्या नव्या कोठीच्या छपरावर बर्फ राहत नाही.

मोठा बर्फ पडून आठवडा झाला. गावातल्या सगळ्या कोठ्यांची छपरं पांढरी आहेत. आमच्या एकटीचं काळं आणि ओलं. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं, वाऱ्याने उडाला असेल. मग लोखंडी गज गव्हात खुपसून ठेवला आणि दुपारी ओढून काढला, तर असा तापलेला की हातात धरवेना. वास येतोय आंबलेल्या पिठाचा.

मग मी काय केलं सांगू? शिडी लावली, फावडं घेतलं आणि अंगणातला बर्फ उचलून छपरावर टाकला. ह्या वयात. ओरेस्टचा ट्रक रस्त्यावरून जाताना त्याला दिसू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत तो वितळला. दुसऱ्या दिवशी परत टाकला. आजही टाकून आलेय.

लपवतेस कशाला, म्हणाल. चर्चच्या पत्रिकेत मी सगळ्यांचे जाहीर आभार मानलेत, एकेकाचं नाव घेऊन. पाद्रीबुवांनी त्यावर प्रवचन दिलं. बायका डोळे पुसत होत्या. आता मी उठून सांगू, की बाबांनो, तुम्ही माझा गहू नासवलात? धर्माची गाय आणि दात का गं नाय! ज्याच्या उपकाराला नाव ठेवलं, तो पुन्हा दारात येत नाही. आणि वसंतात पेरणी कोण करणार? मी? इलकोचा उजवा हात? ओरेस्टने आत्ताच कबूल केलंय, "पेरणीची काळजी सोड, आम्ही आहोत." त्याच्या त्या शब्दावर इलको घरी येणार आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

गावात एकच माणूस असा आहे की त्याला सांगितलेलं कोणापर्यंत जायचं नाही, कारण त्याच्याशी कोणी बोलतच नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. मनात दुसरं काही आणू नका.

ह्या रविवारी सगळे चर्चमध्ये असतील. नवे पाद्रीबुवा लांबण लावतात. डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहीन. ट्रक घेऊन या, आणि धान्य चढवायची ती फिरती नळी. नाही आलात तर मी म्हणेन, अकरा वर्षं इलको बरोबरच बोलत होता.

तेक्ला


२६ नोव्हेंबर

भाऊजी,

आलात.

माझ्याकडे न बघता तुम्ही कोठीचं दार उघडलंत आणि वाफेचा लोट तुमच्या तोंडावर आला. वरचा थर बरा होता, मग करपलेल्यासारखा तपकिरी, आणि मध्ये तर ढेकळंच, काळी, एकमेकांना चिकटलेली. तुम्ही मूठभर उचलून वास घेतलात आणि म्हणालात, "निम्म्याहून जास्त गेला. राहिलेला उगवायचा नाही."

मी म्हटलं, "मग पेरायचं काय?"

तुम्ही नळी कोठीला लावलीत. नासका गहू भरून ट्रक सुरू केलात आणि गेलात. मला वाटलं, संपलं. मग परत आलात ते ट्रक भरून. तुमचा गहू, उन्हात वाळून काढलेला. मी चावून पाहिला नाही, हाताला कळतं.

"हे नको, भाऊजी," मी म्हटलं.

"तुला कोण देतंय? इलकोला देतोय. त्याला सांगू मात्र नकोस, तो पेरायचा नाही."

एवढंच बोललात. तीन खेपा केल्यात, जाताना आमचं काळं, येताना तुमचं पिवळं. आमचं काळं तुम्ही तुमच्या पाणथळीत नेऊन ओतलंत, आमच्या चराचं पाणी जिथे येतं तिथेच. तो टोमणा होता की जवळ पडत होतं म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. बीटचं सार चुलीवर ठेवलं होतं. जेवून जा म्हटलं तर "चर्च सुटेल" म्हणून निघालात.

आभार लिहिणार नव्हते. सप्टेंबरात इतके मानले की आता तो शब्द तोंडात घेववत नाही. पण काल संध्याकाळी बर्फ पडला, आणि सकाळी छप्पर पांढरं होतं. मी बराच वेळ दारात उभी राहून बघत होते. मला रडू आलं. हे लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलंय.

तेक्ला


११ फेब्रुवारी १९८०

भाऊजी,

पोल्याची सासू त्या रविवारी चर्चला गेली नव्हती. तिच्या गुडघ्याने घोटाळा केला. ती खिडकीत बसली होती, आणि तुमचा ट्रक आमच्या अंगणातून तुमच्याकडे जाताना तिने पाहिला, एकदा नाही, तीनदा. भरलेला ट्रक जातोय की भरलेला येतोय हे त्या म्हातारीला एवढ्या लांबून काय दिसणार? तिला जे दिसलं ते तिने नाताळापर्यंत जपून ठेवलं आणि मग सणाच्या जेवणात वाढलं.

तुम्हाला काय काय ऐकावं लागतंय ते माझ्या कानावर येतं. हॉटेलात तुमच्या टेबलावर कोणी बसत नाही. स्टेशनजवळच्या गोदामात गहू घालायला गेलात तर कोणीतरी विचारलं म्हणे, "ओनुफ्री, ह्यातला तुझा किती आणि इलकोचा किती?" तुमच्या पेटीवर कोणी काळ्या रंगाने काहीतरी लिहिलंय. ते मी रोज वाचते. माझी पेटी शेजारीच आहे.

पण तुम्ही तरी काय केलंत? एक शब्द बोलायचा होता. खरं काय ते सांगायचं होतं. ते नाही. भर हॉटेलात म्हणालात, "तेक्लाला विचारा." का म्हणालात तसं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्यावर भरवसा ठेवायला?

ते विचारायला आलेच. परवा ओरेस्ट आला, टोपी काढून टेबलाशी बसला. चांगला माणूस आहे, भाऊजी. हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी त्याला सरळ हाकलला असता.

"तेक्ला," तो म्हणाला, "मला भांडण लावायचं नाही. फक्त हो की नाही सांग. ओनुफ्रीने कोठीतला गहू नेला?"

नेला. खोटं कुठे होतं ते? पण त्यापुढचं सांगायचं, तर काय नेलं ते सांगावं लागलं असतं, आणि ते कोणी नासवलं तेही. समोर बसलेल्या त्या माणसाला, ज्याने स्वतःचा गहू पावसाच्या तोंडी देऊन माझा काढला होता. मी कपात कॉफी ओतत राहिले, बशीत सांडेपर्यंत.

"इलको घरी येईपर्यंत मला कसलंही भांडण नकोय, ओरेस्ट," मी म्हटलं.

तो उठला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कळलं. तुझ्यासारखी बाई गावात नाही," तो म्हणाला. आणि गेला.

मी खोटं बोलले नाही. तुम्ही हेच पत्र चारदा वाचा, एकही खोटा शब्द सापडायचा नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणाल तर म्हणा. पण इथे चोरच कोणी नाही. सगळे उपकार करणारेच आहेत.

तुम्ही म्हणाल, पेरणी मी करून दिली असती. तुमचा ट्रॅक्टर इलकोच्या लग्नातला आहे, आणि तुमची कंबर त्याहून जुनी. दोन शेतं एका मे महिन्यात तुमच्याने व्हायची नाहीत, आणि आपल्याकडे मे महिना कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आज चिखल, उद्या धूळ, मधले चार दिवस मिळाले तर मिळाले. त्या चार दिवसांत मला नऊ ट्रॅक्टर हवेत. तुम्ही एक आहात.

तेक्ला


१६ मे

भाऊजी,

इलको घरी आलाय. दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीत खुर्ची ठेवलीय, दिवसभर तिथे असतो. कालपासून जमीन वाळलीय. उद्या सगळे पेरायला येतायत.

ओरेस्ट आज बी बघायला आला होता. कोठीचं दार उघडून त्याने कोपरापर्यंत हात आत घातला, वर काढून ओंजळीतला गहू उन्हात धरला आणि म्हणाला, "काय दाणा आहे! हरामखोराने नेला तो नेला, पण राहिलाय ते सोनं आहे. इलकोच्या हातचं बी ते बी!" मग त्याने ती ओंजळ तशीच इलकोकडे नेली आणि त्याच्या डाव्या हातात ओतली. इलकोने मूठ मिटली ती जेवायला बसेपर्यंत उघडली नाही. मी भांडी घासत होते. मागे वळून बघितलं नाही.

तुम्हाला एक सांगायचं होतं, मार्चपासून राहिलंय. ओरेस्ट इस्पितळात इलकोला भेटायला गेला आणि त्याने त्याला सगळं सांगितलं. सख्ख्या भावाला कळायला हवं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा नर्स त्याला बोलायला शिकवत होती. त्याच्यासमोर चित्रं धरत होती, सफरचंद, मांजर, घर. इलकोने चित्रांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चोर."

इतक्या महिन्यांतला पहिला शब्द. एकदम स्पष्ट. नर्स इंग्रजी बोलणारी, तिला आपली भाषा येत नाही. ती आनंदाने टाळ्या वाजवायला लागली. "बघा, किती छान बोलले! पुन्हा म्हणा, पुन्हा!" आणि तो पुन्हा म्हणाला. माझ्याकडेच बघत होता. खरं की काय, हे तो मला विचारत होता, भाऊजी. त्याला ते खोटं असायला हवं होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. बायको आहे मी त्याची.

आणि मी मान हलवली.

नाही म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. गहू ओला होता, तापला, गेला, आणि पेरणार आहोत तो तुमचा आहे. इलको तो पेरू द्यायचा नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. मग उद्या कोण येतं, आणि तो खिडकीत बसून काय बघतो? म्हणून हलवली. तुमची माफी मागायला हे लिहीत नाही. मागून मिळेल असं वाटत नाही आणि मिळाली तर मला ठेवायला जागा नाही.

लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. ते सकाळी सातला सुरू करतील, तुमच्या बाजूच्या बांधापासून. त्यांच्यातले दोघे-तिघे तापट आहेत, आणि ओरेस्टला सगळ्यांना आवरता येईलच असं नाही. पण मला भीती त्यांची नाही. उद्या दिवसभर तुम्ही घराबाहेर येऊ नका. इलको खिडकीत बसलेला असेल. तुम्ही दिसलात की तो तोच शब्द म्हणेल आणि माझ्याकडे बघेल, आणि मला पुन्हा मान हलवावी लागेल.

तेक्ला